त्यांना १४ जानेवारी ठाऊक नव्हती

पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. त्याआधीच्या वर्षभरात पेशव्यांच्या घरात काय चाललं असेल, यावर मी नाटक लिहिलं. त्याचं पहिलं वाचन शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात झालं. अकरा जण, तीन बाकं जोडून केलेलं टेबल आणि माझ्या हातात हाताने लिहिलेली जाडजूड संहिता. वाचून होईपर्यंत साडेनऊ वाजले. मी पाणी प्यायले आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. आमच्या संस्थेत गेली तीसेक वर्षं नाटकं बसवणारे एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, भाषा चांगली आहे. पण तुमच्या नाटकातल्या सगळ्यांनाच पानिपतावर काय झालं ते आधीपासून माहीत आहे. त्या पाणक्यालासुद्धा."

घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत मी लाल पेन्सिल घेऊन बसले. जिथे जिथे एखादं पात्र पुढचं जाणून बोलतंय तिथे खूण करायची, असं ठरवलं. त्रेचाळीस खुणा झाल्या. गोपिकाबाईंचा उजवा डोळा लवतो. त्यांच्या थोरल्या मुलाला, विश्वासरावांना, ओवाळताना निरांजन विझतं. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंच्या हातून कुंकवाचा करंडा सांडतो. पंधरा वर्षांचा माधवराव भावाला म्हणतो, "तुम्ही नाही आलात तर मी आहे." लिहिताना या प्रत्येक वाक्याला माझे डोळे भरून आले होते. आता लाल खुणेखाली ती वाक्यं पाहताना लक्षात आलं की ते रडणं माझं होतं, त्या माणसांचं नव्हतं. मी त्यांच्या तोंडून अडीचशे वर्षांनंतरचं दुःख बोलत होते.

हे नाटक मला लिहावंसं का वाटलं ते सांगायला हवं. मी वाईची. सातवीला इतिहास शिकवते. आमच्या गावात पेशवाई पुस्तकात शोधावी लागत नाही, नदीच्या घाटावर उतरलं की ती पायाखाली येते. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई इथल्या रास्ते घराण्यातली. आमचा ढोल्या गणपती रास्त्यांनी बांधला, तो १७६२ साली, म्हणजे पानिपतानंतरच्याच वर्षी. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना पानिपतच्या काळातल्या पत्रांचा मोठा ठेवा वाईतच सापडला आणि १८९८ मध्ये त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यातून उभा राहिला. लहानपणापासून मी गोपिकाबाईंबद्दल जे ऐकलं ते एवढंच, की त्या हट्टी होत्या, चुलत दीर सदाशिवरावभाऊंवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी मुलाला युद्धावर पाठवलं. माहेरच्या गावातही एका बाईबद्दल एवढंच उरावं, याचं मला वाईट वाटायचं. तिच्या घरात त्या वर्षभरात काय बोललं जात असेल, हे मला ऐकायचं होतं. आणि नवऱ्याचंही. नानासाहेब हा लेखणीचा, हिशेबाचा, मुत्सद्देगिरीचा माणूस. वडील पहिले बाजीराव घोड्यावर जगले. यांनी बरंचसं राज्य पत्रांवर चालवलं. तो माणूस घरी राहतो आणि चुलतभाऊ, थोरला मुलगा, पदरची माणसं हजार मैलांवर जातात. तलवारीचा एकही खणखणाट नसलेलं नाटक त्यात आहे, असं मला पक्कं वाटत होतं.

लाल खुणांनंतर मी संहिता बाजूला ठेवली आणि पत्रांकडे गेले.

मोडी मला थोडी येत होती, पण सुरुवात छापील खंडांपासूनच केली. ज्यांना कुणाला ऐतिहासिक नाटक लिहायचं असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी पत्रं वाचा, बखरी आणि कादंबऱ्या मग. बखर घडून गेल्यावर लिहिलेली असते, तिला शेवट माहीत असतो. पत्राला उद्याचाही दिवस माहीत नसतो. मी ज्या काळाला सावट, अपशकुन, काळरात्र असले शब्द वापरले होते, त्या काळातली पत्रं भरलेली होती ती पैशाने. अमक्याची हुंडी पटली नाही. तमक्या मामलेदाराकडून ऐवज आला नाही. दाणा महाग, वैरण नाही. नदीला पाणी आहे, उतार कुठे मिळतो पाहतो. मधेच कुणाच्या प्रकृतीची चौकशी, कुणाला औषध मानवलं का नाही. आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे'. महिनाभर मी हेच वाचत होते आणि सुरुवातीला निराश झाले होते. यात नाटक कुठे आहे? मग एका रात्री कळलं, की नाटक आहे ते तारखांत. पत्र लिहिल्याची तारीख एक, पोचल्याची दुसरी. त्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत नानासाहेब जे निर्णय घेतात ते जुन्या जगावर घेतात. ते उत्तर लिहितात तेव्हा तिकडची परिस्थिती बदललेली असते.

तिथून दुसरा खर्डा सुरू झाला. प्रत्येक प्रवेशाच्या आधी अंधारात दोन तारखा ऐकू येतील, एवढं एकच तंत्र ठेवलं. निवेदक काढून टाकला. तिसऱ्या अंकात सूत्रधाराने पानिपतची लढाई सांगायची असं चौदा पानांचं भाषण होतं, तेही गेलं. ते भाषण माझं सगळ्यात आवडतं होतं. अजून कपाटात आहे.

पडदूरचा प्रवेश मी सहा वेळा लिहिला. पडदूर म्हणजे आजचं जालना जिल्ह्यातलं परतूर. १७६० च्या मार्चमध्ये तिथल्या छावणीत ठरलं, की उत्तरेत अब्दालीवर कोणी जायचं. पहिल्या खर्ड्यात तो प्रवेश मी काळोखात लिहिला होता, मशाली, वारा, गंभीर चेहरे. पण तारखा मांडून पाहिल्या. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. ही बातमी वाईट, जिवाला लागणारी. पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला उदगीरला निजामाचा पराभव झाला होता आणि ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख पदरात पडला होता. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना हाताशी होता. सदाशिवरावभाऊ तिशीच्या आतले, नुकते जिंकून आलेले. म्हणजे ती छावणी विजयाची होती! माणसं खुशीत असणार. पानसुपाऱ्या, वस्त्रं, सत्कार चाललेले असणार. दत्ताजींचा सूड घ्यायचा आहे आणि तो घेता येईल याची खात्री आहे, असा तो क्षण. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाला मी म्हटलं, हा प्रवेश भर दुपारचा कर, पिवळाधमक. तो म्हणाला, "बाई, एवढ्या उजेडात लोकांना गांभीर्य कसं वाटेल?" मी म्हटलं, लोकांना तारीख माहीत आहे, गांभीर्य ते घरून घेऊन येतील.

कोणाला पाठवायचं, हा प्रश्न तसा घरातलाच. रघुनाथराव उत्तरेत दोन मोहिमा करून आलेले, १७५८ साली मराठे अटकेपर्यंत पोचले ते त्यांच्याच स्वारीत. पण ती स्वारी कर्ज घेऊन परतली होती, आणि कर्ज हा नानासाहेबांच्या उशाशी बसलेला पाहुणा. भाऊंना उत्तरेची माहिती नाही, पण हिशेबाला चोख, शिस्तीला कडक. शिवाय भावाभावांत जुनं काही होतंच. १७५० साली भाऊंनी कारभारात अधिकार मागितला होता, गोष्ट पार तुटण्यापर्यंत गेली होती आणि महादोबा पुरंदऱ्यांनी आपली कारभारी पदाची जागा सोडून ती मिटवली होती. नानासाहेबांना भाऊ हवेही होते आणि मोठे होत चाललेले भाऊ थोडे जडही जात होते, असं मला ती पत्रं वाचून वाटतं. हे माझं वाटणं आहे. नाटककाराला तेवढी मुभा असते, पण ती मुभा कुठे घेतली हे आपल्याला तरी माहीत असावं, म्हणून मी संहितेच्या समासात निळ्या शाईने 'माझं' असं लिहीत गेले. दप्तरातलं आहे तिथे काळी शाई. पुढे कलाकारांना त्याचा फार उपयोग झाला.

विश्वासरावांचा प्रश्न मला सगळ्यात अवघड गेला. तेव्हा ते अठराव्या वर्षात होते. गोपिकाबाईंनीच त्यांना पाठवायचा आग्रह धरला, भाऊंवर नजर राहावी म्हणून, ही गोष्ट महाराष्ट्रात प्रत्येकाने ऐकली आहे. मी तिच्या बाजूने आणि तिच्याविरुद्ध दोन्ही तऱ्हांनी प्रवेश लिहून पाहिले. मग स्वतःला विचारलं, की पेशव्यांचा थोरला मुलगा, वयात आलेला, घराण्याची एवढी मोठी मोहीम निघालेली, तो घरी राहिला असता तर लोक काय म्हणाले असते? ज्या घरात पुरुष सोळाव्या वर्षी फौजेबरोबर जातात, त्या घरात आईने मुलाला पाठवणं हा कट असायलाच हवा का? माझ्या प्रवेशात गोपिकाबाई आग्रह करत नाहीत आणि अडवतही नाहीत. त्या त्याच्याबरोबर द्यायच्या सामानाची यादी सांगतात. थंडीचे कपडे सांगतात. दिल्लीकडची थंडी इकडच्यासारखी नसते, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. 'माझं', निळी शाई. पण त्यांचा आवाज मी हवेतून काढला नाही. पुढे म्हातारपणी त्यांनी नातवाला, सवाई माधवरावांना, दिनचर्या कशी ठेवावी याचा उपदेश लिहून पाठवला होता. कधी उठावं, काय शिकावं, दिवस कसा लावावा. ती बाई माया करते तीसुद्धा नेमाच्या भाषेत. तो सूर मला मिळाला आणि गोपिकाबाई बोलू लागल्या.

याच अडचणीचा आणखी एक तुकडा नाना फडणविसांचा. वाईजवळच मेणवलीला त्यांचा वाडा आहे, घाट आहे, आमच्याकडे शाळेच्या सहली तिथे जातात. त्यामुळे नाना म्हटलं की आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ते साडेतीन शहाण्यांतले, किरकोळ अंगाचे, सगळ्यांचे डाव ओळखणारे गृहस्थ उभे राहतात. भूमिका करणारा मुलगाही पहिल्या दिवशी डोळे बारीक करून बोलायला लागला. मी त्याला नानांनी स्वतः लिहिलेलं आत्मवृत्त वाचायला दिलं. १७६० साली ते अठरा वर्षांचे होते, विश्वासरावांच्याच वयाचे. आई आणि पत्नी बरोबर होत्या, तीर्थयात्रा घडेल अशी आशा होती. तो पुढचा मुत्सद्दी नाही, फौजेबरोबर यात्रेला निघालेला बुजरा मुलगा आहे. हे कळल्यावर त्या नटाचे खांदेच बदलले.

तालमी सुरू झाल्या. संध्याकाळी सात ते दहा, दोन महिने. बसणं-उठणं शिकण्यात पहिले दहा दिवस गेले, कारण बैठकीवर मांडी घालून तक्क्याला न टेकता अर्धा तास बसणं आता कुणाला जमत नाही. नऊवारीत भरभर चालायला मुली शिकल्या तेव्हा चेहऱ्यावरचा भावही आपोआप बदलला. त्याबद्दल अजून खूप लिहिता येईल, पण मला सांगायचं आहे ते आमच्या नानासाहेबांबद्दल.

ती भूमिका करणारे गृहस्थ पन्नाशीचे, शेतकरी, आवाज खर्जातला. त्यांचा मुलगा फौजेत आहे. सातारा जिल्ह्यात यात नवल नाही, घरटी एखादा असतोच. दुसऱ्या अंकात ऑक्टोबर १७६० नंतरचा काळ येतो. अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि भाऊंच्या फौजेचा दक्षिणेकडचा रस्ता तुटत गेला. डाक येईना. त्या प्रवेशात ते कपाळाला हात लावत, येरझारा घालत, दाराकडे पाहत. मी सांगायचे, अजून, अजून काळजी दिसू दे. चार-पाच दिवस असं चाललं. एक दिवस ते मधेच थांबले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, असं नसतं."

मी विचारलं, कसं असतं?

"पोराचा फोन आठ-आठ दिवस लागत नाही. आम्ही त्याबद्दल घरात बोलत नाही. हळदीला भाव काय मिळेल, पोरीच्या लग्नाला हॉल कुठला घ्यायचा, हे बोलतो. मंडळी घासलेली भांडी परत घासायला काढतात. आणि फोन लागला की मी पहिलं विचारतो, जेवलास का. दुसरं काय विचारणार?"

तालीम तिथेच थांबवली. कोणी काही बोललं नाही. रात्री मी दुसरा अंक पुन्हा काढला आणि त्यातली सगळी काळजी पुसली. नानासाहेब आता सावकाराशी व्याजाचं बोलतात, कात्रजहून आणलेल्या नळाच्या दुरुस्तीचं विचारतात, पर्वतीवरच्या पूजेची व्यवस्था लावतात. डाक आली का, हे त्या प्रवेशात एकदाच विचारलं जातं, तेही जाता जाता.

मग उरला पैठणचा प्रवेश. डिसेंबर १७६० च्या शेवटी, भाऊंची फौज पानिपतावर कोंडलेली असताना, नानासाहेबांनी पैठणला दुसरं लग्न केलं. मुलगी वाखरे घराण्यातली, कोवळ्या वयाची. पुढे अठरा-वीस दिवसांत पानिपत. हे वाचून आमच्या गटात अक्षरशः भांडण झालं. गोपिकाबाई करणारी मुलगी म्हणाली, हा प्रवेश असेल तर या माणसाबद्दल मला पुढे काही वाटणारच नाही, मी त्याच्या समोर बसून बोलूच शकणार नाही. दोघा-तिघांचं म्हणणं, नायकाची बाजू पडते, काढून टाका, प्रेक्षकांना कुठे माहीत आहे. काका गप्प होते.

मी तो काढला नाही. त्या लग्नाचं समर्थन करण्याचा माझा विचार कधीच नव्हता. एका लहान मुलीचं आयुष्य त्या मांडवात लागलं आणि सहा महिन्यांत ती विधवा झाली, कारण २३ जून १७६१ ला नानासाहेब पर्वतीवर वारले. ते सोसणं कुणीच कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण तो प्रसंग गाळला असता तर मी पुन्हा पहिल्या खर्ड्यातच गेले असते, फक्त उलट्या बाजूने. तिथे मी त्यांना नको तेवढं शहाणं केलं होतं, इथे चांगलं केलं असतं. भाऊंची बातमी नाही म्हणून फौज घेऊन उत्तरेकडे निघायचं त्याच दिवसांत हा माणूस बोहल्यावर चढतो, हे त्याच्यातच आहे. ते एका माणसात मावतं, हे मला दाखवायचं होतं. प्रवेश चार मिनिटांचा ठेवला. लग्न दिसत नाही. आदल्या रात्री नवरा-बायको दोघंच आहेत.

"उत्तरेची डाक?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"मोजले नाहीत."

"मी मोजलेत."

एवढंच. पुढे गोपिकाबाई दागिन्यांची पेटी नवऱ्यासमोर ठेवतात आणि आत जातात. ज्या मुलीने हा प्रवेश करायला नकार दिला होता, तिने तो इतक्या कोरड्या डोळ्यांनी केला की तालमीला बसलेल्या बायकाच रडल्या. तिने मला नंतर सांगितलं, की 'मी मोजलेत' म्हणताना ती नवऱ्यावर रागावत नाही, ती मुलाला हाक मारते आहे असं तिला वाटतं.

कागदपत्रांचं काम थोडक्यात सांगते. राज्य नाट्यस्पर्धेची प्रवेशिका, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, लेखकाचं संमतिपत्र. प्रमाणपत्रासाठी संहिता टंकलिखित लागते आणि नंतर तीत बदल करायचा नसतो, म्हणून ती पाठवायच्या आदल्या रात्रीपर्यंत मी खोडत होते.

वस्तूंच्या बाबतीत मात्र आम्ही वारंवार पडलो. नेपथ्यकाराने शनिवारवाड्याचा इतका सुंदर देखावा रंगवला, मधोमध कमळाच्या पाकळ्यांचं हजारी कारंजं. पाहताक्षणी माझा जीव खाली-वर झाला, कारण ते कारंजं सवाई माधवरावांच्या वेळचं, म्हणजे आमच्या नाटकानंतरचं. त्याने पाच दिवस राबून केलेला फ्लॅट बदलायला सांगताना मला रात्रभर झोप नव्हती. तो एक शब्द बोलला नाही, कारंजाच्या जागी तुळशीवृंदावन रंगवून मोकळा झाला. भाड्याच्या पेट्यांतून पुणेरी पगड्या आल्या, त्या एकोणिसाव्या शतकातल्या. चक्रीबद्ध पगड्या बांधून घ्याव्या लागल्या. एकादशीच्या प्रवेशात पार्वतीबाई साबुदाण्याची खिचडी वाढत होत्या, ती माझीच चूक. साबुदाणा तेव्हा आपल्या घरात नव्हता. वऱ्याचे तांदूळ केले. या गोष्टी प्रेक्षकांतल्या किती जणांना कळल्या असत्या मला सांगता येत नाही. पण आमच्या नटांना कळत होत्या. खोट्या ताटासमोर माणूस खरं जेवत नाही.

बळवंतराव मेहेंदळ्यांचं एक छोटं काम होतं. रंगीत तालमीनंतर तो मुलगा मला म्हणाला, "बाई, माझं एवढंच काम का? हे कोण होते?" डिसेंबरमध्ये पानिपतावरच्या एका चकमकीत ते पडले, त्यांची बायको सती गेली, मागे मुलगा राहिला, असं मी सांगितलं. मुलाचं नाव अप्पा बळवंत. तो माझ्याकडे पाहतच राहिला. पुण्याला कॉलेजात असताना त्याने चार वर्षं अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं घेतली होती. प्रयोगाला त्याने त्या तीन वाक्यांत जे काही आणलं ते मी शिकवलेलं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी ट्रकमधून सामान उतरवताना एक लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा लाकडी चौथरा, मोडली, ती खिळे मारून सावरली. संध्याकाळी नारळ फोडला. तिसरी घंटा झाली आणि पहिल्या अंधारात दोन तारखा ऐकू आल्या. पडदूरच्या पिवळ्या उजेडात भाऊ हसत हसत आले, मागून विश्वासराव, आणि मी विंगेत उभी असताना ऐकलं, की प्रेक्षागृहात पहिल्या दोन मिनिटांतच कमालीची शांतता झाली. रंगमंचावर सगळे हसत होते.

शेवटचा प्रवेश भिलशाचा, म्हणजे आजच्या विदिशाचा. जानेवारीच्या चोविसाव्या दिवसाच्या आसपास, नर्मदा ओलांडून पुढे गेलेल्या नानासाहेबांच्या छावणीत एक कासीद, म्हणजे पत्रं नेणारा जासूद, पकडून आणला जातो. त्याच्याजवळचं पत्र पेशव्यांना नाहीच, ते सावकारी पत्र आहे. दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुप्या-तांब्याची तर गणती नाही, अशा सांकेतिक शब्दांत भाऊ, विश्वासराव आणि फौज गेल्याचं सांगणारा तो प्रसिद्ध मजकूर. मी तो नाटकात वाचलेला नाही. माझ्या संहितेत पत्र हातात येतं, नानासाहेब ते उघडण्याआधी कासिदाला विचारतात, "कुठून आलास?" आणि अंधार.

कासीद झालेला मुलगा आमच्याच शाळेतला, नववीतला. धुळीने माखलेला, प्रवेश पहिल्यांदाच, खरोखरच घाबरलेला. त्याने पत्र पुढे केलं. नानासाहेबांनी ते घेतलं. मुलाकडे बराच वेळ पाहिलं. माझ्या छातीत धडधडायला लागलं, वाक्य विसरले की काय. आणि मग त्या खर्जातल्या आवाजात ते म्हणाले, "जेवलास का रे?"

अंधार झाला. प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत हे वाक्य नव्हतं. मेकअप रूममध्ये ते पगडी काढून बसले होते. मला पाहून म्हणाले, "चुकलं, बाई." मला बोलता येईना, मी फक्त त्यांच्या पायाला हात लावला. ते संकोचून उठून उभे राहिले.

निकाल महिन्याभराने लागला. गोपिकाबाईंना अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, नाटक अंतिम फेरीत गेलं नाही. एका परीक्षकांनी प्रयोगानंतर मला विचारलं होतं, की पानिपतावरच्या नाटकात पानिपत कुठे आहे? मला उत्तर सुचलं नाही, आणि ते पुष्कळ दिवस लागून राहिलं. अजूनही मला वाटतं की आमचा शेवट त्यांना पुन्हा एकदा दाखवावा.

गेल्या आठवड्यात सातवीला तोच भाग आला. दरवर्षी मी फळ्यावर सुरुवातीलाच १४ जानेवारी १७६१ लिहिते, खाली पौष शुद्ध अष्टमी, आणि त्याखाली पराभवाची कारणं. या वेळी खडू हातात घेतला आणि लिहिलं, १४ मार्च १७६०, पडदूर. बरोबर दहा महिने आधी. फौज निघाली, म्हटलं. भाऊ निघाले, विश्वासराव निघाले, बायका निघाल्या, यात्रेकरू निघाले, तोफा निघाल्या. मुलं लिहून घेत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, परत कधी यायचं ठरलं होतं?"